मूळ कार्ड लॉकरमध्ये, मी नाक्यावर

"गार्गीला घेऊनच ये," असं सुधीर मला सॅन होजेच्या विमानतळावर सोडताना तीनदा म्हणाला. सुधीर म्हणजे माझा नवरा. चिप्स डिझाइन करतो, आणि घरातली अवघड बोलणी माझ्यावर सोपवून स्वतः ऑफिसला जातो. गार्गी आमची एकुलती एक लेक, वय बावीस. कॉलेज संपवून सहा महिन्यांसाठी म्हणून ॲरिझोनातल्या एका खेड्यात गेली होती. तिथे ती काय करते हे मला मैत्रिणींना नीट सांगताही येत नव्हतं. "रस्त्याच्या कडेला खुर्चीवर बसते आणि गाड्या लिहून घेते," एवढंच सांगायचे. "टोलनाक्यावर नोकरी आहे का?" असं शेजारच्या शिल्पानं अगदी प्रेमानं विचारलं होतं.

इकडे एका कंपनीनं तिच्यासाठी नोकरी राखून ठेवली होती. एक एप्रिलला हजर व्हा, नाहीतर दुसऱ्याला देऊ, असं पत्र आलेलं. ते पत्र माझ्या पर्समध्ये होतं. मार्च अर्धा सरला होता, साल दोन हजार आठ. तीन दिवसांत मुलीची बॅग भरायची आणि तिला विमानात बसवायचं, असा माझा बेत होता.

पर्समध्ये आणखी एक गोष्ट होती आणि पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे घडलं, म्हणून आधीच सांगते. ती होती माझ्या ग्रीनकार्डाची रंगीत झेरॉक्स, दोन्ही बाजू, वर लॅमिनेशन. आमच्या घरात नियम आहे, मूळ कागद घराबाहेर काढायचा नाही. माझ्या वडिलांचं मॅट्रिकचं मूळ सर्टिफिकेट एसटीत पिशवीसकट गेलं, आणि नवीन मिळवायला त्यांना चार वर्षं खेटे घालावे लागले. तेव्हापासून आम्ही भावंडं मूळ कागदाला सोवळ्यातलं समजतो. त्यात मी नाशिकला एका सहकारी बँकेत अकरा वर्षं लॉकरच्या विभागात काढलेली. नऊ वर्षं वाट पाहून मिळालेलं ग्रीनकार्ड मी पर्समध्ये घेऊन हिंडेन होय? ते घराजवळ, सनीव्हेलच्या बँकेत, लॉकरमध्ये, माझ्या पाटल्यांच्या शेजारी. प्रतीच्या खाली मी स्वतःच "ट्रू कॉपी" लिहून सहीसुद्धा ठोकली होती. सवय, दुसरं काय.

पहिला दिवस. सॅन होजे ते फिनिक्स विमान दोन तासांच्या आत. भाड्याची चंदेरी गाडी दिवसाला चाळीस डॉलर, विमा वेगळा. तिथून टूसॉन दोन तास, रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना वाळवंट. एखादीला एकटीनं जायचं असेल तर खुशाल जावं. फक्त टूसॉनला गॅस, म्हणजे आपलं पेट्रोल, भरून घ्या आणि पाणी गाडीत ठेवा. दोन बाटल्या नव्हे, दोन गॅलन. पुढे दुकान कमी आणि फोनची रेंज त्याहून कमी.

टूसॉनच्या खाली सीमेकडे जाणारा जो हायवे आहे त्याच्यावरच्या पाट्या किलोमीटरमध्ये आहेत. अमेरिकेत आल्यापासून मैलांचे किलोमीटर करून करून डोकं पिकलं होतं. तिथे पहिली पाटी दिसली तेव्हा मला माहेरचं कोणी भेटल्यासारखं झालं. थोड्या वेळानं एका फाट्यावर वळले. दोनपदरी रस्ता, खड्डे नाहीत पण वळणं भरपूर. गावाचं नाव मी मुद्दाम देत नाहीये, कारण तिथल्या लोकांना रोज त्याच रस्त्यानं ये-जा करायची आहे.

गावाच्या अलीकडे पाच मैलांवर तो नाका लागला. लांबलचक पांढरा मांडव, नारिंगी शंकू, दोन जीपगाड्या, एक कुत्रा. गणवेशातले तपासनीस आणि त्यांच्या मदतीला दोन वर्षांपासून आलेले लष्कराचे जवान. गावात शिरणाऱ्या गाडीला कोणी अडवत नव्हतं. मी सरळ पुढे गेले. गावातून बाहेर पडणाऱ्या गाड्या मात्र समोरच्या बाजूला रांगेत उभ्या होत्या. देशाची सीमा तिथून वीस-बावीस मैल लांब, तरी बिनकागदाची माणसं पकडायचा नाका इथे. नाका ओलांडून थोडं पुढे गेल्यावर रस्त्याच्या माझ्याच बाजूला, एका काटेरी झाडाखाली, दोन घडीच्या खुर्च्या दिसल्या. त्यातल्या एका खुर्चीवर मोठी टोपी घालून माझी मुलगी बसली होती. मी हॉर्न वाजवला. तिनं मान वर केली, घड्याळात पाहिलं आणि खाली काहीतरी लिहिलं. हात हलवला नाही हो. मी सातशे मैलांवरून आलेली.

"ड्यूटीवर आहे ना मी," संध्याकाळी घरी आल्यावर गळ्यात पडून म्हणाली. "आम्ही कोणाला वेव्ह करत नाही. तुला पण नाही. रूल इज रूल, आई."

ती राहत होती डोनाबाईंकडे. डोनाबाई बहात्तर वर्षांच्या, निवृत्त पोस्टवाल्या. याच रस्त्यानं त्यांनी वीस वर्षं गाडीतून टपाल वाटलं. तेव्हा नाका नव्हता. नाका झाल्यावर गावातल्या लोकांच्या तक्रारी ऐकू येऊ लागल्या, तशी या बाईंनी आणखी दहाजणांना गोळा केलं आणि खुर्च्या टाकल्या. खुर्चीवर बसेल तो निरीक्षक. रोज सकाळी आठ ते बारा, मग बारा ते चार. आलेली गाडी कोणत्या रंगाची, आत किती माणसं, गोरी की सावळी, कागद मागितले का, किती मिनिटं थांबवलं, बाजूला घेतलं का. बस्स. स्वतःचं मत नाही, राग नाही, विशेषणं नाहीत. रात्री जेवायला बीन्स, भात आणि मक्याच्या टॉर्टिया, म्हणजे पातळ भाकऱ्या, होत्या. मी नेलेली शेंगदाण्याची चटणी डोनाबाईंनी टॉर्टियाला लावून खाल्ली आणि डबा स्वतःच्या कपाटात ठेवून दिला. परत मागायची सोय राहिली नाही.

नोकरीचं पत्र मी त्या रात्री काढलं नाही. म्हटलं, उद्या हिचं काम तरी बघू.

दुसरा दिवस. आठ वाजता मी तिसऱ्या खुर्चीवर. ती जमीन गावातल्याच एकाची, त्यानं बसायला परवानगी दिलेली. समोर पिवळी दोरी. दोरीच्या पुढे जायचं नाही, बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. मार्च असला तरी दहानंतर ऊन चटके देतं. टोपी, पूर्ण बाह्या आणि सनस्क्रीन हवंच. बाथरूम गावात, पाच मैलांवर. पाणी प्यायचं तर हिशेबानं.

पहिला तास मला भयंकर कंटाळा आला. पांढरी व्हॅन, दोन गोरी माणसं, सहा सेकंद, गेली. लाल गाडी, एक गोरी बाई, चार सेकंद. हिरवी जीप. मग शाळेची बस. तपासनीस आत चढला आणि दोन मिनिटांनी उतरला.

"ही रोज थांबते?" मी हळूच विचारलं.

"रोज. गावात हायस्कूल नाही ना," गार्गी पानावरून डोळे न काढता म्हणाली. "तीच बस, तीच मुलं."

नऊच्या सुमारास एक निळा पिकअप आला. ओरोझ्को आजोबा, असं गार्गीनं आदल्या रात्री सांगितलं होतं. जन्म याच गावातला, त्यांच्या वडिलांचाही. बायको शहरातल्या नर्सिंग होममध्ये. घरच्या सूपशिवाय ती काही खात नाही, म्हणून आजोबा रोज सकाळी थर्मास घेऊन जातात. आणि जवळपास रोज त्यांना विचारतात, नागरिक आहात का? मागच्या वर्षी त्यांनी तक्रार केली होती. वरून उत्तर आलं, तुम्हाला दोन मिनिटांच्या वर थांबवल्याची कुठेच नोंद नाही. नोंद ठेवणारे कोण, तर थांबवणारेच.

त्या दिवशी त्यांना बाजूला घेतलं. आजोबा खाली उतरले. कुत्रा गाडीभोवती फिरला. मग एका तपासनिसानं सीटवरचा थर्मास उचलला, झाकण उघडलं, आत बघितलं आणि तसाच उघडा बॉनेटवर ठेवला. आजोबा टोपी हातात धरून उभे. पाच मिनिटं झाली, सात झाली, दहा झाली. माझ्या डोळ्यांसमोर ते सूप गार होत होतं.

मला काय झालं कोण जाणे. आयुष्यभर दवाखान्यात डबे पोचवलेली बाई मी. सासऱ्यांच्या आजारपणात अडीच महिने दोन वेळचा गरम डबा नेला, एकदाही निवू दिला नाही. मी खुर्चीवरून उठले, दोरी ओलांडली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन इंग्रजीत ओरडले, "अहो, झाकण तरी लावा. ते सूप आहे, बॉम्ब नाही."

या देशात, या शतकात, लष्करी पोशाखातल्या माणसांसमोर तो शब्द उच्चारू नये एवढं मला कळायला हवं होतं. तीन डोकी एकदम माझ्याकडे वळली. गार्गीनं मागून येऊन माझी बाही धरली आणि मला परत आणलं.

पाच मिनिटांत नाक्याचा प्रमुख चालत आला. उंच, सभ्य माणूस. आवाज चढवला नाही. माझ्याकडे नव्हे, डोनाबाईंकडे बघून म्हणाला, "आपलं ठरलं होतं, तुम्ही बघायचं. कामात पडायचं नाही. पुन्हा असं झालं तर सुरक्षेसाठी मला तुम्हाला मागे हलवावं लागेल. एक मैल मागे."

"एक मैलावरून काय दिसणार?" मी मराठीत पुटपुटले.

"काहीच नाही," गार्गी म्हणाली. "तेच तर हवंय त्यांना."

डोनाबाईंनी त्याला 'बरं' म्हटलं. मग खुर्चीवर बसून सकाळपासूनच्या पानावर एक तिरपी रेघ मारली आणि खाली लिहिलं, निरीक्षकाने हस्तक्षेप केला, पान रद्द. मला आधी समजलंच नाही. मग लक्षात आलं, की ओरोझ्को आजोबांची ती अकरा मिनिटं त्याच पानावर होती. ज्या माणसासाठी मी तावातावानं उठले, त्याचीच नोंद माझ्यामुळे गेली. मला इतकी शरम वाटली की बारा वाजेपर्यंत मी पाण्याची बाटलीसुद्धा उघडली नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघरात गार्गीनं मला सगळं सांगितलं. जूनमध्ये नाक्याच्या वरिष्ठांसमोर गावकऱ्यांची सुनावणी होती. वरिष्ठ म्हणाले होते, सहा महिन्यांची सलग नोंद आणा, मग बोलू. एक दिवस चुकला, जागा गेली, किंवा निरीक्षक भांडणारे आहेत असं दाखवता आलं, तर सगळी वही केराच्या टोपलीत. चार महिने झाले होते. पाळ्यांना लोक मिळत नाहीत, म्हाताऱ्यांना ऊन सोसत नाही. आठवड्यातले पाच दिवस गार्गीच बसते.

"म्हणून मी जूनपर्यंत येत नाहीये, आई," ती म्हणाली. "तुझ्या पर्समधलं लेटर मला माहितेय. बाबांनी ईमेल केली होती."

बघा, हा आमचा गुप्त बेत.

"नोकरी जाईल," मी म्हणाले.

"जाईल."

"बाबा चिडतील."

"ते दोन दिवस चिडतात. तिसऱ्या दिवशी पोहे करतात."

हे खरं असल्यामुळे मला रागावताही येईना. "अगं, पण नुसतं बसून लिहायचं? डोळ्यांसमोर एखाद्याला त्रास होतोय आणि आपण ढिम्म बसायचं? मला नाही जमायचं. माणूस आहे की दगड."

तिनं कप विसळून ठेवला. मग म्हणाली, "तुला वाटतं मला उठावंसं वाटत नाही? रोज वाटतं. उठले ना, की माझं आणि नाकेवाल्यांचं भांडण होतं, आणि भांडणात त्यांचं ऐकतात. बसले तर कागद राहतो."

मला पटलं असं नाही. मी विषय बदलला आणि त्यांची वही मागून घेतली. वही बघून माझ्यातली बँकवाली जागी झाली. पानांना नंबर नाहीत. दोन नोंदींमध्ये कोऱ्या ओळी. चुकलं तिथे पांढरी शाई. "अहो डोनाबाई," मी म्हटलं, "ही वही कुठल्याही बँकेत पहिल्याच तपासणीत मार खाईल." मग रात्रीच्या जेवणाआधी दोन तास आम्ही तिघी टेबलाशी बसलो. पानांना नंबर घाला. कोरी ओळ राहिली की आडवी रेघ. चूक झाली तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही. बाहेर कोणाला प्रत दिली तर तिच्यावर सत्यप्रत लिहून सही, तारीख. ओळखीचं माणूस तपासलं गेलं तर तेही लिहायचं, काय नातं आहे ते. नाहीतर उद्या कोणी म्हणेल, लपवलं. डोनाबाईंनी शेवटच्या मुद्द्यासाठी सरळ एक नवा रकानाच आखला, 'निरीक्षकाशी नातं.' आणि मला म्हणाल्या, "तुम्ही सकाळी एक पान घालवलंत, पण संध्याकाळी बाकीची वाचवलीत." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

झोपताना गार्गीनं विचारलं, "तुझं ग्रीनकार्ड आहे ना जवळ? उद्या नाक्यावरून जायचंय तुला."

"आहे," मी म्हणाले. मनातून खरंच वाटत होतं की आहे.

तिसरा दिवस. बुधवार. साडेसातला गार्गी निरोप घेऊन ड्यूटीवर गेली. नोकरीवरून आम्ही पुन्हा काही बोललो नाही. निघताना तिच्या कपाळावरचे केस मागे सारले, एवढंच. फिनिक्सहून माझं विमान दुपारी दोनचं. साडेआठला मी गाडी काढली. ओरोझ्को आजोबांचा पिकअप माझ्या दोन गाड्या पुढे होता. त्या दिवशी त्यांना लगेच सोडलं. मीही निवांत. कर नाही त्याला डर कशाला.

"नागरिक आहात का, मॅडम?"

"कायम रहिवासी," मी सांगितलं आणि लॅमिनेशन केलेली झेरॉक्स मोठ्या ऐटीत पुढे केली.

त्यानं ती उलटली, सुलटली, उन्हात धरली. "हे काय आहे?"

"माझ्या ग्रीनकार्डाची प्रत."

"ही सही कुणाची?"

"माझीच," मी म्हणाले. "खरी प्रत आहे असं मी लिहून दिलंय."

"आणि कार्ड?"

"बँकेच्या लॉकरमध्ये. सुरक्षित आहे."

त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माझी ऐट उतरली. इथला कायदा सांगतो, कार्ड कायम अंगाजवळ हवं. मला माहीत नव्हतं असं नाही. पण आमच्याकडे कायद्यापेक्षा वडिलांची एसटी मोठी. आणि रंगीत प्रत काढून वर प्लास्टिक चढवलेलं, म्हणजे त्याच्या दृष्टीनं मी बनावट कार्ड हातात देत होते. काल पानांना नंबर घालायला शिकवणारी मी, आज अशी तोंडघशी पडले. त्यानं गाडी बाजूला लावायला सांगितलं, किल्ली घेतली, लायसन्स घेतलं, पर्स घेतली आणि मला मांडवाबाहेरच्या एका लोखंडी बाकावर बसवलं. बाक उन्हात होता. फोनला रेंज नाही. असती तरी फोन पर्समध्ये.

समोर, रस्त्यापलीकडे, झाडाखाली गार्गी. मधे फार तर पंधरा-वीस गाड्या मावतील एवढं अंतर. तिला गाडी ओळखू आली होती. तिनं टोपी मागे सरकवली. मला तिचा चेहरा दिसत होता. दोन तपासनीस माझ्या पर्समधल्या वस्तू एकेक करून टेबलावर मांडत होते. नोकरीचं पत्र, मेतकुटाची पुडी, कुंकवाची डबी. एकानं मेतकूट उघडून वास घेतला, मग कुत्र्याला बोलावलं. कुत्रा शिंकला. एरवी मी हसले असते.

मी घाबरले होते. पन्नाशीला आलेली बाई, दोन देशांत घर सांभाळलेली, आणि शाळकरी पोरीसारखी बाकाची कड धरून बसले होते. हे आता आपल्याला कुठे नेतील, कार्ड काढून घेतील का, सुधीरला कोण कळवणार, असं काहीबाही मनात यायला लागलं. आणि मग गार्गी खुर्चीवरून उठली.

वही मांडीवरून खाली पडली. डोनाबाईंनी तिच्या हाताला धरलं, तिनं हात सोडवला. एक पाऊल टाकलं. पिवळी दोरी तिच्या पोटाला टेकली होती. नाक्याचा प्रमुखही तिच्याकडेच बघत होता, दोन्ही हात कमरेवर ठेवून. काल तिच्या आईनं केलं, आज तिनं केलं की त्याचं काम झालं. मैलभर मागे. चार महिने केरात. ओरोझ्को आजोबा पुन्हा खोटे.

तिनं यावं असं मला इतकं वाटत होतं म्हणून सांगू. लहानपणी नाशिकला बालवाडीच्या फाटकाशी ती मला बघून धावत यायची, तशी यावी. तिनं माझ्यासाठी भांडावं.

मी हात वर केला आणि तळवा खाली दाबला. पंगतीत पोरं मधेच उठायला लागली की आपण करतो तसं. बस. बस खाली.

ती उभीच. मी पुन्हा केलं, जरा जोरात, डोळे वटारून. बस म्हणते ना.

ती बसली. वही उचलली. घड्याळात पाहिलं आणि लिहायला लागली. मला रडू आलं, पण त्या बाकावर बसल्यापासून पहिल्यांदा भीती वाटेनाशी झाली. ती लिहिते आहे तोवर आपण हरवणार नाही, असं मला अगदी स्वच्छ वाटलं.

बराच वेळ गेला. नंतर एक लष्करी जवान बाई आली, तिशीतली, आयोवाहून आलेली, असं तिनंच सांगितलं. तिनं पाण्याची बाटली दिली आणि म्हणाली, "सिस्टिम स्लो आहे आज, मॅम. सॉरी." ती स्वतः सकाळपासून उन्हात उभी होती, ओठ फुटले होते. मी तिला मेतकुटाचं सांगितलं, की भातावर घालून खायचं असतं. "चांगलं लागत असणार," ती म्हणाली. मला तिचा राग नाही आला. अखेर संगणकावर माझं नाव सापडलं. तपासनिसानं सगळं परत दिलं. कार्ड जवळ ठेवा, पुढच्या वेळी दंड होईल, असं बजावलं. ती प्रत मात्र ठेवून घेतली. निघताना गार्गीकडे पाहिलं नाही. मी वळून पाहिलं असतं तर ती पुन्हा उठली असती.

फिनिक्सचं विमान चुकलं. पाचच्या विमानात जागा मिळाली. अंधार पडता पडता घरी पोचले, एकटीच. सुधीर दोन दिवस चिडला, तिसऱ्या दिवशी सकाळी पोहे केले. नोकरी दुसऱ्याला गेली.

तुमच्यापैकी कोणी तिकडे जाणार असेल तर जा. रस्ते उत्तम आहेत, आकाश सुंदर आहे, माणसं भली आहेत. पाणी न्या, टोपी न्या आणि मूळ कार्ड न्या. माझी फजिती मी उगाच चारचौघांत मांडत नाहीये.

दहा-बारा दिवसांनी गार्गीचं पाकीट आलं. ज्यांची नोंद होते त्यांना मागितल्यास त्या पानाची प्रत मिळते. मी मागितली नव्हती, तिनं पाठवली. पान नंबर एकशे तीस. कोऱ्या ओळींवर आडव्या रेघा. इंग्रजीत, तिच्या बारीक अक्षरात:

८:५२. चंदेरी गाडी. एक स्त्री, पन्नाशीची, सावळी. कागद मागितला. बाजूला घेतलं. बाक उन्हात. ९:४० पर्यंत पाणी नाही. १०:३८ ला सोडलं.

निरीक्षकाशी नातं: आई.

त्याखाली आणखी एक ओळ होती. ८:५८. निरीक्षक खुर्चीवरून उठली. दोरी ओलांडली नाही. स्त्रीने हाताने बसायची खूण केली. निरीक्षक बसली.

एकही विशेषण नव्हतं. सगळ्यात खाली, बालवाडीत शिकलेल्या मोठ्या मराठी अक्षरांत, 'सत्यप्रत', आणि सही. सुधीरनं ते माझ्या हातून घेऊन वाचलं आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसला.

पुढच्या सोमवारी सकाळी नऊला बँक उघडताच मी गेले. लॉकरवाल्या मुलीनं विचारलं, "काही काढायचंय की ठेवायचंय?"

"दोन्ही," मी म्हणाले.

मूळ कार्ड काढून पर्समध्ये टाकलं. गार्गीनं पाठवलेली सत्यप्रत पाटल्यांच्या शेजारी ठेवली. बाहेर गाडीत येऊन गार्गीला फोन लावला. वाजलाच नाही. मग आठवलं, सोमवार, नऊ वाजलेत. त्या झाडाखाली रेंज नसते. म्हटलं, बसू दे.